सवय कोण लावते? फिलिपाईन्समधील महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्यांचे आरोग्य

(द्वितीय वर्ष, कला)

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. एखादा मुलगा उशिरा उठला, त्याने पानातली भाजी टाकली, किंवा तो कोपऱ्यावर उभा राहून सिगारेट ओढताना दिसला, की वडीलधारी मंडळी ही म्हण हमखास ऐकवतात. या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. खोड ज्याची त्याची असते; ती चांगली असो वा वाईट, तिचा जमाखर्च त्या एकट्याच्याच नावावर मांडायचा. प्रस्तुत लेखात हे गृहीत तपासून पाहण्याचा माझा प्रयत्न आहे, आणि त्यासाठी मी उदाहरण घेतले आहे ते फिलिपाईन्स या देशातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे.

त्यासाठी इतक्या दूर कशाला जायचे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. आपल्या सवयी आपल्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की त्या सवयी आहेत हेच आपल्याला दिसत नाही. परक्या घरी गेले की तिथला उंबरठा पायाला लागतो. आपल्या घरचा लागत नाही. म्हणून परक्या घरात डोकावणे कधी कधी उपयोगी पडते.

शिवाय हे घर मराठी वाचकाला अगदीच परके नाही. फिलिपाईन्सचे राष्ट्राध्यक्ष रॅमन मॅगसेसे १९५७ साली विमान अपघातात मरण पावले. त्यांच्या नावाने सुरू झालेला पुरस्कार १९५८ साली, पहिल्याच वर्षी, आचार्य विनोबा भाव्यांना मिळाला. जामखेडच्या परिसरात खेड्यातल्या बायकांनाच आरोग्याचे शिक्षण देऊन रोगराईशी झुंजणाऱ्या डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याला तो १९७९ साली आणि बाबा आमट्यांना १९८५ साली मिळाला. त्या देशातील तागालोग भाषेत शिक्षकाला 'गुरो' आणि चेहऱ्याला 'मुखा' म्हणतात. संस्कृत शब्द समुद्र ओलांडून तिथवर पोहोचले आहेत. आज तर आपल्या देशातील बरेच विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणासाठी तेथील दावाओ शहरात जातात.

फिलिपाईन्स हा ७,६४१ बेटांचा देश. १५६५ पासून १८९८ पर्यंत स्पेनची आणि नंतर १९४६ पर्यंत, मधला जपानी अंमल वगळता, अमेरिकेची सत्ता तिथे होती. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १० कोटी ९० लाख. २०१७ साली तेथील सरकारने कायदा करून सरकारी विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील पदवी शिक्षणाची फी माफ केली. त्यामुळे ज्यांच्या घरात कोणी कधी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते अशी मुलेमुलीही त्या पायरीवर आली. कोळ्यांची, शेतमजुरांची, परदेशात घरकाम करणाऱ्या आयांची ही मुले आहेत. मी स्वतः माझ्या घरातील महाविद्यालयात आलेली पहिलीच असल्याने मला ठाऊक आहे, की अशा घरात विद्यार्थ्याचे आजारपण ही केवळ प्रकृतीची बाब राहत नाही. एक वर्ष वाया गेले तर त्यामागे घरातल्या किती जणांचे कष्ट वाया जातात याचा हिशेब सर्वांच्या तोंडपाठ असतो. म्हणून 'विद्यार्थ्यांनी चांगल्या सवयी लावून घ्याव्यात' एवढे सांगून थांबणे मला पुरेसे वाटत नाही. त्या सवयी लागतात कशा आणि सुटतात कशा, हे पाहिले पाहिजे.

घर

फिलिपिनो माणूस भेटला की 'कुमाइन का ना बा?' असे विचारतो. अर्थ, 'जेवलास का?' आपल्या गावाकडेही भेटीची सुरुवात याच प्रश्नाने होते, त्यामुळे या प्रश्नात किती माया भरलेली असते हे वेगळे सांगायला नको. खाणे हे तिथे प्रेमाचे पहिले रूप आहे. भात तिन्ही त्रिकाळ लागतो. सकाळी शिळा भात लसणीवर परततात, आपल्या फोडणीच्या भाताचा जणू भाऊच. त्याला 'सिनांगाग' म्हणतात. सोबत अंडे किंवा सुकी मासळी. दोन जेवणांच्या मध्ये 'मेरियेन्दा', म्हणजे मधल्या वेळचे खाणे. हा शब्द आणि ही रीत दोन्ही स्पॅनिश राजवटीच्या खुणा. घरच्या जेवणात पालेभाज्याही असतात. कोंबडीच्या रश्श्यात कच्ची पपई आणि शेवग्याचा पाला घालून केलेला 'तिनोला' हा आजारी माणसाला हटकून द्यायचा पदार्थ. 'बाहाय कुबो' हे लोकगीत तर तेथील प्रत्येक मूल शिकते. झावळ्यांनी शाकारलेल्या छोट्या घराभोवती वाढणाऱ्या अठरा पिकांची नावे त्यात एकामागून एक येतात. वांगे आहे, दोडका आहे, दुधी आहे, भोपळा आहे.

आरोग्याविषयीच्या समजुतीही घरातच मिळतात. मूल खेळून घामाघूम झाले की आई त्याच्या सदऱ्याच्या आत पाठीवर एक लहान पंचा सरकवते. घाम अंगावरच वाळला तर मूल आजारी पडते, हा समज. दुसरी समजूत 'पास्मा'ची. काम करून तापलेल्या, थकलेल्या हातांना लगेच गार पाणी लावले तर हात थरथरू लागतात, तळव्यांना घाम येतो, असे मानतात. आधुनिक वैद्यकात या नावाचा कोणताही रोग नाही. तरीही कपड्यांना इस्त्री केल्यावर लगेच हात धुवायला आई मुलीला मनाई करते, आणि मुलगी शिकून शहाणी झाली तरी ते सहसा मोडत नाही. पुस्तकात 'वारंवार हात धुवा' असा धडा वाचलेला असतो आणि कानात आईचा शब्द असतो. अशा वेळी बहुधा आईचा शब्द जिंकतो. यावरून पहिली गोष्ट ध्यानात येते. सवयीचे मूळ माहितीपेक्षा मायेत खोल रुजलेले असते.

शाळा

दुसरी पायरी शाळेची. फिलिपाईन्समध्ये १९७४ च्या पोषणविषयक कायद्याने जुलै हा 'पोषण महिना' ठरला. या महिन्यात शाळाशाळांतून भित्तिपत्रके, स्पर्धा, पाककृती यांची धामधूम असते. अन्नाचे तीन गट मुलांना पाठ असतात. शक्ती देणारे, वाढवणारे आणि तजेला देणारे, अशी त्यांची सुटसुटीत इंग्रजी नावे आहेत. तेथील अन्न व पोषण संशोधन संस्थेने 'पिंगगांग पिनॉय', म्हणजे फिलिपिनो माणसाची थाळी, असे एक चित्रही तयार केले आहे. अर्धे ताट भाज्या व फळे, उरलेल्या अर्ध्यात भात आणि मासे, मांस किंवा अंडे. ज्ञानाच्या बाबतीत शाळा कमी पडलेली नाही.

परंतु माझ्या मते शाळेचे खरे यश या चित्रांत नाही. ते दात घासण्यात आहे. २००९ साली तेथील शिक्षण खात्याने सरकारी शाळांसाठी एक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला. त्यात तीनच गोष्टी होत्या. सर्व मुलांनी मिळून रोज साबणाने हात धुणे, रोज शाळेतच फ्लोराईडयुक्त पेस्टने दात घासणे, आणि वर्षातून दोनदा जंतांचे औषध घेणे. भाषण नाही, परीक्षा नाही. एक लांब नळकांडे, त्याला भोके, खाली पाण्याचा ओघळ; वर्गच्या वर्ग रांगेने उभा राहतो आणि ब्रश तोंडात घालतो. सर्वच जण करतात म्हटल्यावर एकट्याला लाजायचे कारण उरत नाही, आणि ब्रश शाळेतच टांगलेला असल्यामुळे विसरण्याचाही प्रश्न नाही. दुपारच्या जेवणानंतर कचेरीत वा महाविद्यालयात ब्रश घेऊन नळावर जाणारे लोक फिलिपाईन्समध्ये नेहमी दिसतात. ही रीत या कार्यक्रमाच्याही आधीची आहे. तिथे चारचौघांत दात घासण्याची कोणाला लाज वाटत नाही, म्हणूनच ती टिकून आहे.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. पोषणाचा धडा पाठ आहे, पण ताटातली भाजी मागे राहते. दात घासण्याचा धडा फारसा कोणी शिकवला नाही, पण ब्रश सुटत नाही. फरक इतकाच, की दुसऱ्या गोष्टीला ठरलेली वेळ, ठरलेली जागा, तयार साधन आणि सोबत मिळाली. पहिलीला केवळ उपदेश मिळाला.

महाविद्यालयाचे फाटक

२०१७ साली शिक्षण खात्याने आणखी एक आदेश काढला. शाळेच्या उपाहारगृहातील पदार्थ हिरव्या, पिवळ्या आणि लाल अशा तीन वर्गांत विभागायचे आणि लाल वर्गातले विकायचे नाहीत. ही चांगली गोष्ट झाली. परंतु हा आदेश शाळांपुरता होता. महाविद्यालये दुसऱ्या खात्याच्या अखत्यारीत येतात. म्हणजे सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी ज्या दिवशी महाविद्यालयाचे फाटक ओलांडतो, त्याच दिवशी शाळेचा पहारा संपतो. आणि तो दूरच्या बेटावरून आलेला असेल तर घराचाही संपतो. त्याला आजवर सावरून धरणारे दोन्ही हात एकदमच सुटतात.

मनिला शहरात एक भागच 'युनिव्हर्सिटी बेल्ट' म्हणून ओळखला जातो. १६११ साली स्थापन झालेले सांतो तोमास विद्यापीठ याच भागात आहे. आसपासच्या गल्ल्यांतून हजारो विद्यार्थी 'बेडस्पेसर' म्हणून राहतात. मुंबई-पुण्यात ज्याला आपण कॉट बेसिस म्हणतो तोच हा प्रकार. भाड्याने मिळते ती खोली नसते, खोलीतली एक खाट मिळते. तीही बहुधा एकावर एक रचलेल्या खाटांपैकी. स्वयंपाक करायला अनेक ठिकाणी मनाई असते. गरम पाणी मिळाले तर नशीब. अशा ठिकाणी 'बाहाय कुबो'तील अठरा पिके कोठे शिजवायची? गरम पाणी ओतले की तयार होणाऱ्या शेवयांचे पाकीट मात्र तिथे सहज 'शिजते'.

विद्यार्थ्याच्या खिशाविषयी एक शब्द मला फार बोलका वाटला. तो म्हणजे 'बाओन'. बाओन म्हणजे शिदोरी, घरून बांधून दिलेला डबा. आणि बाओन म्हणजेच घरून मिळणारा हातखर्च. एकाच शब्दात डबाही आहे आणि पैसेही. शाळकरी वयात बाओन म्हणजे आईच्या हातचा भात असतो. महाविद्यालयात आल्यावर त्याच शब्दाचा अर्थ आठवड्याला मिळणाऱ्या नोटा असा होतो. डब्यातले अन्न फक्त खाताच येते. नोटा मात्र भाड्याला, झेरॉक्सला, फोनच्या रिचार्जला आणि प्रवासालाही लागतात, आणि महिन्याअखेर ओढाताण झाली की कात्री लागते ती पोटालाच. घरातील कोणी परदेशात नोकरीला असेल तर पैसे वेळेवर येतातही, पण 'जेवलास का?' हा प्रश्न फोनवरून येतो. आणि फोनवर कोणीही 'हो, जेवलो' असेच सांगतो.

मग जेवायचे कोठे? एक मार्ग 'कारिंदेरिया'चा, म्हणजे रस्त्याकडेच्या खानावळीचा. पातेली मांडलेली असतात, बोट दाखवायचे आणि घ्यायचे. म्हणून तिला 'तुरो-तुरो', म्हणजे 'दाखव-दाखव', असेही नाव आहे. इथे घरच्यासारखे जेवण मिळते. पण पैसे मोजून घेणारा विद्यार्थी भाताच्या दोन वाट्या आणि मटणमासळीची एकच वाटी घेतो. भाजीची तिसरी वाटी त्याला चैन वाटते. दुसरा मार्ग गाड्यांवरचा. माशांचे तळलेले गोळे, निखाऱ्यावर भाजलेली कोंबडीची आतडी, साखरेत घोळून तळलेली केळी. मात्र गाडीवर सारेच वाईट असते असे नाही. सकाळी खांद्यावर कावड घेऊन येणारा माणूस 'ताहो' विकतो. तो सोयाबीनच्या दुधाचा मऊ, गरम पदार्थ असतो. वरून गुळट पाक घातला तरी त्यात प्रथिने भरपूर. तिसरा मार्ग झगमगत्या उपाहारगृहांचा. १९७५ साली क्वेझॉन सिटीत आइस्क्रीमचे दुकान म्हणून सुरू झालेल्या 'जॉलिबी'च्या शाखा आज देशभर आहेत. तिथे गार हवा असते, बसायला स्वच्छ जागा असते, आणि तळलेल्या कोंबडीसोबत भातही मिळतो. ज्याच्या खोलीत फक्त एक खाट आहे, त्याला अभ्यासाची टोळी घेऊन बसायला अशी जागा हवीच असते. ती जागा मिळवण्यासाठी तो खातो, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

पैशाइतकीच टंचाई वेळेची. मनिलाची वाहतूक जगभर कुप्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे टाकलेल्या जीपगाड्यांपासून तेथील 'जीपनी' तयार झाली. आपल्याकडच्या वडापची ती रंगीबेरंगी थोरली बहीण. सकाळी सातचा तास गाठायचा तर उपनगरातील विद्यार्थ्याला पहाटेच जीपनीसाठी रांगेत उभे राहावे लागते. त्यातून जो शिकता शिकता कामही करतो त्याचे हाल विचारूच नका. अमेरिकेतील गिऱ्हाइकांच्या फोनला उत्तरे देणारी केंद्रे तिथे रात्रभर चालतात, कारण तिकडे तेव्हा दिवस असतो. अशा ठिकाणी रात्रपाळी करून सकाळी तासाला बसणाऱ्याला 'लवकर निजे, लवकर उठे' हा उपदेश कसा करायचा? तो झोपेची भरपाई करतो ती कॉफी, साखर आणि दुधाची पूड एकत्र असलेल्या पाकिटाने.

सोबत

या वयात माणसाला आईबापांपेक्षा मित्र जवळचे वाटतात, हे सर्वत्र सारखेच. फिलिपाईन्समध्ये त्याला 'पाकिकिसामा' असा खास शब्द आहे. पाकिकिसामा म्हणजे चारचौघांशी मिळूनमिसळून राहणे, आपल्यामुळे मैफलीचा विरस होऊ न देणे. हा गुणच आहे. पण मैफल दारूची असली की हाच गुण उलटा फिरतो. तिथे बाटलीभोवती मंडळी बसतात आणि पेला एकच असतो. एक जण ओतणारा, त्याला 'तांगेरो' म्हणतात. तो आळीपाळीने प्रत्येकाला पेला देतो, आणि आपल्या पाळीचा पेला नाकारणे म्हणजे माणसांनाच नाकारणे ठरते. पिणाऱ्याला दारूची ओढ असेलच असे नाही. त्याला एकटे पडायचे नसते.

सिगारेटची गोष्ट थोडी निराळी. कोपऱ्याकोपऱ्यावर 'सारी-सारी' नावाची किराणा दुकाने असतात आणि तिथे सगळे 'तिंगी', म्हणजे सुटे मिळते. शांपूची एक पुडी, तेलाची एक पिशवी, सिगारेटही एकच. गरिबाला सुटे मिळणे ही सोय आहे. पण पाकीट महाग झाले तरी एक सिगारेट परवडते, आणि 'एकच तर घेतली' म्हणत सवय लागते.

तरीही सोबत नेहमीच बिघडवते असे म्हणणे अन्यायाचे होईल. बास्केटबॉल हा त्या देशाचा जीव की प्राण आहे. आशियातील पहिली व्यावसायिक बास्केटबॉल संघटना १९७५ साली तिथे स्थापन झाली. 'बारांगाय' म्हणजे तेथील सर्वांत लहान प्रशासकीय घटक, आपला वॉर्ड म्हणा. बारांगायमागे एखादी तरी बास्केटबॉलची कडी असतेच, मग ती नारळाच्या खोडाला ठोकलेली का असेना. संध्याकाळी पोरे जमली की खेळ सुरू. मात्र इथेही एक गोम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतील ११ ते १७ वयाच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती पडताळून २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रोज किमान एक तास अंगमेहनत न करणाऱ्यांचे प्रमाण जगात ८१ टक्के होते. फिलिपाईन्समध्ये ते सुमारे ९३ टक्के निघाले, म्हणजे जगातील सर्वांत जास्तपैकी एक. ज्या देशात गल्लोगल्ली कडी टांगलेली आहे तिथे हे असे का व्हावे? एक कारण उघड आहे. एका कडीखाली दहा जण खेळतात आणि शंभर जण बघतात. मुलींना तर ते मैदान सहसा मिळतच नाही.

दिलिमान येथे फिलिपाईन्स विद्यापीठाचे ४९३ हेक्टरांचे आवार आहे. त्यात झाडांच्या सावलीतून जाणारा २.२ किलोमीटरचा लंबगोल रस्ता आहे. तिथे सकाळ-संध्याकाळ विद्यार्थी, प्राध्यापक, आसपासचे रहिवासी, बायाबापड्या सगळे चालतात आणि धावतात. युनिव्हर्सिटी बेल्टच्या गल्लीत मात्र पदपथावर नीट चालताही येत नाही. दोन्हीकडचे विद्यार्थी एकाच देशाचे आणि एकाच वयाचे. दिलिमानचा विद्यार्थी अधिक निश्चयी आहे असे कोणी म्हणेल का?

कायदा

तेथील सरकारला हे कळलेले आहे असे त्याच्या काही कायद्यांवरून दिसते. डॉ. हुआन फ्लावियेर हे खेड्यापाड्यांतून काम केलेले डॉक्टर १९९२ ते १९९५ या काळात आरोग्यमंत्री होते. त्यांच्या खात्याने सिगारेटविरुद्ध 'योसी कादिरी' नावाचे एक किळसवाणे पात्र उभे केले. 'योसी' म्हणजे सिगारेट आणि 'कादिरी' म्हणजे किळसवाणे. लोक हसले आणि ते पात्र लक्षात राहिले. पण पुढचे कायदे हसवण्यावर थांबले नाहीत. २००३ च्या कायद्याने शाळेच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत तंबाखू विकण्यास बंदी केली. २०१२ च्या कायद्याने सिगारेट व दारूवरील कर वाढवला आणि त्या उत्पन्नाचा मोठा वाटा आरोग्यसेवेला दिला. २०१७ च्या आदेशाने सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई केली. १ जानेवारी २०१८ पासून गोड पेयांवर लिटरमागे ६ पेसो, आणि मक्यापासून केलेली साखर असल्यास १२ पेसो, कर बसला. या साऱ्यांत एक सूत्र आहे. हे कायदे माणसाच्या मनाशी वाद घालत नाहीत. ते किंमत बदलतात आणि जागा बदलतात.

कायद्याची दिशा उलटीही होऊ शकते. वाफेच्या सिगारेटी विकत घेण्याची वयोमर्यादा तिथे २१ वर्षे होती. २०२२ च्या कायद्याने ती १८ वर आणली. म्हणजे नेमका महाविद्यालयीन विद्यार्थीच गिऱ्हाईक ठरला.

मनाच्या आरोग्यासाठीही २०१८ साली कायदा झाला आणि शिक्षणसंस्थांवर त्याची जबाबदारी टाकण्यात आली. पण तिथे 'हिया' आडवी येते. हिया म्हणजे लाज, संकोच, लोक काय म्हणतील याचे भय. समुपदेशकाचे दार उघडे असले तरी त्या दारातून आत जाताना कोणी पाहील, या भीतीने विद्यार्थी पुढे निघून जातो. ज्याच्या शिक्षणासाठी घरच्यांनी कर्ज काढले आहे त्याला 'मला झेपत नाही' हे शब्द उच्चारणे सर्वांत कठीण जाते. दात घासण्यासारखी ही गोष्टही चारचौघांची झाल्याखेरीज हा संकोच सुटणार नाही.

टाळेबंदीची कसोटी

१७ मार्च २०२० रोजी कोविडमुळे लुझोन बेटावर कडक टाळेबंदी आली आणि महाविद्यालये बंद झाली. सुरुवातीच्या काळात २१ वर्षांखालील आणि ६० वर्षांवरील लोकांना घराबाहेर पडण्याचीच मनाई होती. बहुतेक अभ्यासक्रमांचे प्रत्यक्ष वर्ग थोड्याफार प्रमाणात सुरू व्हायला २०२१ ची अखेर उजाडली. या काळात विद्यार्थी तेच होते, त्यांचे ज्ञान तेच होते, स्वभावही तोच होता. पण खाटेवरून ते घरी गेले. तांगेरोचा पेला थांबला, जीपनीची रांग थांबली, आईच्या हातचा तिनोला परत मिळाला. त्याच वेळी चालणे थांबले, बास्केटबॉलच्या कड्या ओस पडल्या आणि दिवसरात्र पडद्यासमोर बसणे आले. काही सवयी सुधारल्या, काही बिघडल्या, आणि यातले बरेचसे विद्यार्थ्याच्या निश्चयाने झाले नाही. ज्या परिस्थितीत सवय जगते ती परिस्थितीच एका रात्रीत बदलली होती.

समारोप

थोडक्यात, विद्यार्थ्याच्या सवयींना आकार देणाऱ्या चार गोष्टी मला दिसतात. पैसा, वेळ, जागा आणि सोबत. माहिती पाचवी, आणि निश्चय सहावा. शेवटच्या दोहोंना किंमत नाही असे मी म्हणत नाही. रात्रपाळी करूनही पहाटे धावणारा विद्यार्थी मनिलात असेल, आणि त्याला माझा नमस्कार आहे. पण अपवादावर नियम उभारता येत नाही. आपण मात्र नेहमी उलट्या क्रमाने जातो. आधी निश्चयाचा उपदेश, मग माहितीचे व्याख्यान, आणि पैसा, वेळ, जागा, सोबत यांचा विचार करायची पाळी येते तोवर स्नेहसंमेलन संपलेले असते.

तागालोग भाषेत 'गिन्हावा' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ आराम, सुटका, सुखाची अवस्था. त्याच देशातील विसाया बेटांवरील भाषांत याच शब्दाचा अर्थ श्वास असा होतो. हा अर्थ मला फार आवडला. मोकळा श्वास घ्यायला जिथे वाव आहे तिथेच माणूस निरोगी राहतो.

विद्यार्थीमित्रहो, आपल्यापैकीही बरेच जण कॉट बेसिसवर राहतात, डबा लावतात, पहाटेची एस.टी. पकडून येतात. आपल्यातला एखादा उपाशीपोटी तासाला बसलेला दिसला तर त्याला सवयीचे महत्त्व सांगण्याआधी, तो खरेच जेवला आहे का हे विचारू या. आणि तो 'हो' म्हणाला तरी, आपला डबा त्याच्यापुढे सरकवू या.